एक गुंज

विट्याच्या पतसंस्थेत काउंटरमागची जानकरांची पोर
फॉर्म पुढं सरकवते. सुवर्णसंचय, निवृत्तीसाठी.
महिन्याला किती टाकणार, काका?
दीड हजार, मी म्हणतो.
ती हसत नाही. बरं वाटतं.

व्यवसाय?
गलाई.
कुठं?
मदुराईला बावीस वर्षं. त्याआधी सेलम.
त्याच्याही आधी मामाच्या हाताखाली कानपूर,
तेव्हा मिसरूड फुटलं नव्हतं
आणि भट्टीच्या सगळ्यात जवळ मीच बसायचो.

किती सोनं आटवलं, असा रकाना फॉर्मात नाही.
असता तरी मोकळाच सोडला असता.
तुटकी डूल, वाकलेल्या बांगड्या,
कुणाच्या मेलेल्या आजीचा दात,
मुशीत गेलं की सगळं एका रंगाचं.
संध्याकाळी हात धुवायचो ते पाणीसुद्धा मालकाचं.
पिंपात साठायचं. झाडलेला केर पोत्यात.
वर्षाअखेरीला माणूस यायचा
आणि त्या राखेतनं, गाळातनं
दोन-तीन तोळे उठवून दाखवायचा.
आमच्या नखांतलं होतं ते.

पेन्शन आमच्यात नसते. खोकला असतो.

हिशेब मी रात्रीच घातलाय, जुन्या मापात,
ग्रॅमात मला अजून विचार करता येत नाही.
दीड हजाराला आज एक गुंज, वर जराशी धूळ.
शहाण्णव गुंजांचा तोळा.
म्हणजे आठ वर्षं. तेव्हा मी साठ.
भाव थांबला तर.
नाही थांबला तर पाऊण तोळा, नाहीतर अर्धाच,
आणि अर्ध्या तोळ्यात म्हातारपण किती मावतं
ते तोलायचा काटा माझ्या बघण्यात नाही.

वारस?
शालन.
शालन सर्जेराव पवार, लिहिताना पेन अडतं.
पोरीच्या डिप्लोमाच्या वर्षी तिच्या पाटल्या
मीच आटवल्या, एका रविवारी, दुकान बंद असताना.
तेजाबात टाकल्या आणि पाणी हिरवं झालं.
हिरवं म्हणजे तांबं.
सासऱ्यांनी चार तोळे म्हणून घातलेलं
दोनावर आलं.
फोनवर तिला म्हटलं, अगं, भाव पडलाय.
तिला अजून तेवढंच माहीत आहे.
सासरे गेले. त्यांनाही सोनारानं फसवलं असेल.
किंवा नसेल.

ठसा द्या, काका.
अंगठा ठेवतो. यंत्र नको म्हणतं.
दुसरा अंगठा. नको.
रेघा कधीच खाल्ल्यात तेजाबानं,
बोटं पोस्टातल्या जुन्या शिक्क्यासारखी गुळगुळीत.
मागं रांगेत कुणीतरी सुस्कारा टाकतं.
पोर उठून येते, ओल्या रुमालानं
एकेक बोट पुसते, काचेवर टेकवते,
शाळेत बाई पहिलं अक्षर गिरवून घेतात तशी.
डाव्या करंगळीला दिवा लागतो, हिरवा.
त्या बोटानं मी कधी चिमटासुद्धा धरला नव्हता.

पासबुकात छापून येतं, ०.१२४ ग्रॅम.
हे आहे कुठं?
तिजोरीत, मुंबईला, ती म्हणते. तुमच्या नावानं.
सवयीनं मी तळवा उताणा करतो.
डोळे मिटून सांगायचो मी,
पुडीत किती आहे, किती कस, किती खोट.
आज काहीच सांगता येत नाही.

घरी आलो. मोरीत हात धुतले.
झालं का? शालननं विचारलं.
झालं म्हटलं.
तुझं नाव घातलंय.
कशाला, असं काहीतरी ती पुटपुटली
आणि चहाच्या भांड्याखाली गॅस बारीक केला.

पाणी मोरीतनं बाहेर, अळूच्या वाफ्याकडं चाललं होतं.
मी खिडकीतनं बघत राहिलो.
पिंप नाही, फडकं नाही,
अळूनं ते सरळ पिऊन टाकलं.